टर्कीला साजेल अशी वाइन

टर्कीची चव कशी असते, असं कुणी विचारलं तर मी प्रामाणिकपणे सांगतो, की ग्रेव्हीसारखी. ग्रेव्ही संपली असेल तर पुठ्ठ्यासारखी. आमच्याकडे अमेरिकेत हा पक्षी वर्षभर कुणी आपणहून शिजवत नाही. नोव्हेंबरातल्या त्या एका गुरुवारी मात्र सबंध देश एकदमच तो ओव्हनमध्ये सारतो, त्याच्यातला ओलाव्याचा शेवटचा थेंब जाईपर्यंत भाजतो, आणि मग सगळे एकमेकांचे हात धरून देवाचे आभार मानतात. कशाबद्दल, ते मला कुणी सांगितलेलं नाही. हे वर्षातून एकदाच करावं लागतं, याबद्दल असावेत.

माझं टर्कीशी वैर नाही. ती कुठे बसून खावी लागते, हे माझं दुखणं होतं.

माझ्या सासुरवाडीला, म्हणजे कोवाल्चिक मंडळींकडे, त्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, दोन टेबलं लागतात. मोठं टेबल जेवणघरात, ओक लाकडाचं, दहा गादीच्या खुर्च्यांचं. लहान टेबल दिवाणखान्यात, पत्ते खेळायचं, घडीचं, एका पायाने अधू. ते मुलांसाठी. मोठ्या टेबलावर जागा मिळायची, तर तिथलं कुणीतरी आधी जावं लागतं. लग्न केल्याने मिळत नाही. माझी बायको बर्नाडेट जन्मसिद्ध हक्काने मोठ्या टेबलावर बसते, आणि तिचा कायदेशीर नवरा, म्हणजे मी, कर्टिस व्होगेल, वय वर्षं एकोणतीस, गावच्या पाणीपुरवठा कार्यालयात कायम नोकरी, दिवाणखान्यात गुडघे कानांना लावून बसतो. सुखात आणि दुःखात एकत्र राहू, अशी शपथ आम्ही चर्चमध्ये घेतली होती. कुठल्या खोलीत, ते घाईत विचारायचं राहिलं.

यंदा मात्र ऑगी काकांची खुर्ची रिकामी झाली. ते वारले नाहीत, फ्लोरिडाला राहायला गेले. आमच्याकडे या दोन गोष्टींत फारसा फरक करत नाहीत.

खुर्ची एक आणि उमेदवार दोन. दुसरा होता प्रेस्टन, माझी मेव्हणी थेरेसा हिचा होणारा नवरा. प्रेस्टन विमा विकतो. एकदा तो कॅलिफोर्नियातले द्राक्षमळे बघून आला, आणि तेव्हापासून तो वाइन पीत नाही, वाइनची भेट घेतो. ग्लास उजेडात धरतो, डोळे मिटतो, आणि वाइन जणू कानात काही सांगतेय अशी मान हलवतो. हा माणूस अजून घरचा जावईसुद्धा झालेला नव्हता. पण कानामागून येऊन तिखट होण्याची विद्या काहींना उपजतच असते.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला सासूबाईंचा, म्हणजे लॉरेनचा, फोन आला. कुणी काय आणायचं, हे लॉरेन ठरवतात, आणि कुणाला काय आणायला सांगितलं यावरून त्याची घरातली पायरी कळते. लग्नाच्या वर्षी मला कागदी रुमाल आणायला सांगितले होते. पुढच्या वर्षी बर्फ.

"कर्टिस, यंदा वाइन तुझ्याकडे," लॉरेन म्हणाल्या.

मी उभा राहिलो. फोनवर दिसत नाही, तरी राहिलो.

"चांगली आण हं. पण उधळपट्टी नको. आपण साधी माणसं. पण अगदीच साधीही नको, प्रेस्टन असणार आहे."

"आणि प्रेस्टन काय आणतोय?"

"रताळी," त्या म्हणाल्या. "आणि ऑगीच्या खुर्चीवर कोण, ते जेवणाच्या वेळी बघू."

फोन ठेवून मी बर्नाडेटला सगळं शब्दशः सांगितलं. ती नखं कापत होती.

"म्हणजे आईला महाग दिसणारी स्वस्त वाइन हवीय," ती म्हणाली. "जा, दोन बाटल्या घेऊन ये नि विषय संपव."

बायकांना राजकारण कळत नाही. मोठ्या टेबलावर जन्मलेल्यांना तर मुळीच नाही.

आमचं गाव एरी सरोवराच्या काठावर. इथे मैलोगणती द्राक्षं पिकतात आणि त्यांची जांभळी, जॅमसारखी गोड वाइन होते. इथली माणसं तिच्यात बर्फाचे खडे टाकून ती आनंदाने पितात. पण ज्या गोष्टीने आनंद होतो ती दर्जेदार कशी असेल? म्हणून मी जाणकाराचा सल्ला घ्यायचं ठरवलं. आमचे शेजारी ह्यूबर्ट हे शाळेच्या बँडमधून निवृत्त झाले आहेत. आयुष्यभर त्यांनी मुलांना ट्रॉम्बोन शिकवला, त्यामुळे त्यांना हल्ली थोडं कमी ऐकू येतं आणि ते स्वतःच जास्त बोलतात. एकदा ते सहलीच्या बसने फ्रान्स बघून आले. द्राक्षमळे त्यांनी खिडकीतून पाहिले, पण लक्षपूर्वक.

"टर्की हा एक पक्षी आहे, ही तुझी मूळ चूक," कुंपणाला रेलून ह्यूबर्ट म्हणाले. "ते दोन पक्षी आहेत, कर्टिस. छातीचं मांस पांढरं, मांडीचं काळं. त्यांचं आपसात पटत नाही. एकीला एक वाइन, दुसरीला दुसरी."

"आणि ज्याच्या ताटात दोन्ही असतील त्याने?"

"त्याने आधी मन पक्कं करावं. शिवाय क्रॅनबेरीची चटणी आंबट, पावाचं सारण खारट. आणि रताळी कोण करतंय?"

"प्रेस्टन. वर मार्शमेलोच्या साखरी गोळ्या घालून."

ह्यूबर्टनी टोपी काढली. "त्याला कुठलीच वाइन वाचवू शकत नाही."

एवढ्यात रस्त्यापलीकडून प्रुइट बाई आल्या. हातात पानं गोळा करायचा दाताळा. प्रुइट बाईंच्या अंगणात एकही झाड नाही. तरी ऑक्टोबर ते डिसेंबर त्या पानं गोळा करत असतात. पानं दुसऱ्यांची असतात, बातम्याही दुसऱ्यांच्याच.

"तळ्याकाठची जांभळी घे," त्या म्हणाल्या. "दोन खडे बर्फ टाक. येशूने पाण्याची वाइन केली ना, ती हीच केली असणार."

"बाई, येशू पॅलेस्टाइनमध्ये होता," ह्यूबर्ट म्हणाले. "तिथे ही द्राक्षं होत नाहीत."

"चमत्कार होता तो, ह्यूबर्ट!"

ह्यूबर्टच्या मते चाखून बघितल्याशिवाय निवड करणं हे आंधळेपणाने लग्न करण्यासारखं होतं. त्यांची बायको आत होती, म्हणून हे त्यांनी हळू सांगितलं. तेव्हा मी दुकानातल्या परवडणाऱ्यांपैकी आठ बाटल्या आणल्या, बाजारातून टर्कीचे थंड काप आणले, आणि शनिवारी सकाळी आम्ही माझ्या अंगणात शास्त्रोक्त चाचणीला बसलो. सकाळीच का, तर ह्यूबर्ट म्हणाले, जीभ सकाळी कोरी असते.

"गिळायचं नाही," त्यांनी बजावलं. "जाणकार थुंकतात."

"कुठे?"

"फ्रान्समध्ये बादली असते."

माझ्याकडची एकुलती एक बादली वाटेवरचं बर्फ वितळवायच्या मिठाने भरलेली होती. म्हणून मग घराच्या कडेच्या हायड्रेंजियाच्या झुडुपांत. एक घोट, एक तुकडा, एक झुडूप. असं दुपारपर्यंत चाललं. मधे एकदा मी गुडघ्यांवर हात टेकून, पुरता वाकून थुंकत होतो, तेव्हा समोर दाताळ्याचा आवाज थांबला. मी मान वर करून प्रुइट बाईंना हात केला आणि हसलो. दात लाल झाले असावेत. पण शेजारधर्म म्हणून काही असतो.

आठही बाटल्या नापास झाल्या. एक मांडीला दाबून टाकत होती, एक छातीला विचारत नव्हती, एक ह्यूबर्टना त्यांच्या मेहुण्याची आठवण करून देत होती. मी विचारलं, सगळं थुंकायचंच होतं, तर आठही बाटल्या तळापर्यंत रिकाम्या कशा झाल्या? ते म्हणाले, उघडी वाइन राहत नाही. आणि ते खाली बसले.

मंगळवारी कचरागाडी येते. काच आणि डबे यांच्यासाठी नगरपालिकेने प्रत्येकाला निळा खोका दिलाय. त्याला झाकण नाही. नागरिकांचं एकमेकांवर लक्ष राहावं, असा हेतू असावा. सकाळी तळ्यावरून वारा सुटला, आणि माझ्या खोक्यातली एक बाटली घरंगळत, रस्ता ओलांडून, इकडे-तिकडे न बघता थेट प्रुइट बाईंच्या दारात गेली. बाई ती स्वतः घेऊन आल्या. दोन्ही हातांत धरून, घरट्यातून पडलेल्या पिल्लासारखी.

"तुझी आहे वाटतं," त्या हळूच म्हणाल्या.

"माझीच," मी म्हणालो. "आभारी आहे. आणखी सात आहेत."

हिशेब पुरा असावा, एवढाच माझा उद्देश होता. पाणीपुरवठा कार्यालयातली सवय.

दरम्यान ह्यूबर्टना आठवलं. त्या सहलीत, बस पंक्चर झाली असताना, एका ढाब्यावर त्यांनी गामे नावाच्या द्राक्षाची लाल वाइन घेतली होती. हलकी, थोडी थंड करून प्यायची, काळ्या मांसासाठीच जणू जन्मलेली. शिवाय स्वस्त. पांढऱ्या मांसाला रीसलिंग नावाची पांढरी. आणि ज्यांचं मन पक्कं होत नाही त्यांच्यासाठी एक बुडबुड्यांची. तीन बाटल्या, बस. मी कागदावर लिहूनसुद्धा घेतलं नाही, इतकं ते सोपं होतं.

आमच्या राज्यात वाइन सरकार विकतं. त्यामुळे ती घेताना आपण खरेदी करतोय असं वाटत नाही, आपली चौकशी चाललीय असं वाटतं. मी गल्ल्यावरच्या बाईंना तिन्ही नावं सांगितली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"या दुकानात नसतात. मागवाव्या लागतील."

"मागवा की."

"मागवल्या तर अख्खी पेटी. पेटीत बारा."

"पण मला प्रत्येकी एकच हवीय."

"मग अकरा-अकरा बाटल्या तुमच्याकडे जास्तीच्या राहतील," त्या म्हणाल्या. सरकारी उत्तरात चूक काढता येत नाही.

मी निघणारच होतो. इथवर मी एक सुज्ञ, काटकसरी, सहीसलामत माणूस होतो. पण मागून आवाज आला, "अरे, कर्टिस! पेटीवरून अडलंय का?"

प्रेस्टन. हातात एक छोटीशी रमची बाटली, रताळ्यांसाठी.

"मी तर नेहमी पेटीच घेतो बुवा," तो म्हणाला. "सुट्टी बाटली घेणं म्हणजे कसं, सुटं केळं घेतल्यासारखं वाटतं. तुझं चालू दे. बजेट असतं एकेकाचं."

माणसाचा अपमान झाला की रक्त डोक्यात चढतं म्हणतात. माझं चढलं ते बहुतेक जिभेत.

"मीही पेटीच घेतो," मी म्हणालो. "विचार इतकाच करत होतो, की एक घ्यावी की तीन."

"तीन पेट्या?" गल्ल्यावरच्या बाई.

"तीन. हो."

"लग्न आहे का?"

"जेवण आहे."

"परत घेत नाही आम्ही."

"परत करायची आमच्या घराण्यात पद्धत नाही," मी म्हणालो. आमच्या घराण्यात सगळंच परत करायची पद्धत आहे. माझ्या वडिलांनी एकदा वापरलेली छत्री परत केली होती. पण प्रेस्टन ऐकत होता.

पेटीवर घाऊक सूट होती, हे इथे नमूद केलं पाहिजे. दर बाटलीमागे मी इतकी बचत केली, की त्या महिन्यात आम्हाला घरातली हीटिंग कमी ठेवून कोट घालून टीव्ही बघावा लागला. बर्नाडेटने मला फक्त एकदाच विचारलं, "छत्तीस?" आणि मग तिने कोटाची टोपी कानांवर ओढली.

पेट्या आणायला गेलो त्या दिवशी तळ्यावरून बर्फ आलं होतं. गाडी दारापर्यंत चढेना, म्हणून तिन्ही पेट्या एकावर एक रचून मी पायी निघालो. दोन खेपा केल्या असत्या तर चाललं असतं, पण ते नंतर सुचतं. अर्ध्या वाटेत खालच्या पेटीचा पुठ्ठा ओला होऊन फाटला, एक लाल बाटली दगडावर फुटली, तिला वाचवायला मी वाकलो, आणि पुढच्या क्षणी मी उताणा पडलेला होतो. भोवती बर्फ लालभडक. दोन पेट्या मी छातीशी घट्ट धरून ठेवल्या होत्या. त्याबद्दल मला कुणीतरी शाबासकी द्यायला हवी होती. वेळ सकाळची.

प्रुइट बाई दाताळ्यासकट धावत आल्या.

"हलू नकोस! किती झाली?"

"तीन पेट्या," मी म्हणालो. मला वाटलं, मोजणीला मदत करताहेत. "छत्तीस. एक फुटली."

"अरे देवा! आणि एवढी तुला किती दिवस पुरते?"

"पुढच्या गुरुवारी संपेल."

त्या गुडघ्यावर बसल्या. माझ्या कपाळावरचे केस बाजूला केले. "बाळा, पण का रे? का करतोस असं?"

डोक्याला थोडा मार लागला होता, नाहीतर मी सविस्तर सांगितलं असतं. मी थोडक्यात म्हणालो, "सासुरवाडीमुळे."

प्रुइट बाईंनी डोळे टिपले.

आता, दर शुक्रवारी आमच्या चर्चच्या तळघरात बायका विक्रीसाठी पिरोग्या, म्हणजे उकळायच्या पोलिश करंज्या, भरायला बसतात. बटाटा भरायचा, कडा चिमटीने मिटायच्या. हात गुंततात, तोंडं मोकळी राहतात. प्रुइट बाई आणि लॉरेन तिथे शेजारी-शेजारी बसतात. पिरोगी मिटते, पण तिथे गेलेली गोष्ट मिटत नाही. त्या शुक्रवारी झुडूप, बाटली आणि बर्फ या क्रमाने सगळं लॉरेनच्या पुढ्यात आलं, आणि त्या दिवशीच्या पिरोग्या म्हणे उकळताना सगळ्या फुटल्या.

संध्याकाळी फोन.

"कर्टिस, बाळा," लॉरेन म्हणाल्या. त्यांनी मला आजवर बाळा म्हटलेलं नव्हतं. कर्टिससुद्धा त्या कधीकधी आठवून म्हणायच्या. "वाइन नको आणूस. तू फक्त ये. जसा आहेस तसा ये."

"पण मी तीन पेट्या—"

"माहितेय," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

मी बर्नाडेटकडे पाहिलं. तिला थेरेसाचा मेसेज आधीच आला होता. ती सोफ्यावर आडवी होऊन, उशी तोंडात कोंबून हसत होती. मग ती सावरली आणि नवऱ्याच्या अब्रूसाठी तिने फोन हातात घेतला.

"आई, ऐक. तो पीत नाही गं. तो थुंकतो."

पलीकडून बराच वेळ बोलणं चालू होतं. बर्नाडेटचा चेहरा बदलत गेला. "नाही... हो, झुडुपांत... हो, पण ते शास्त्रोक्त... आई, मी पांघरूण घालत नाहीये!"

मी फोन ओढून घेतला. "लॉरेन, मी स्पष्ट सांगतो. मला दारूचं व्यसन नाही."

"हो रे बाळा," त्या प्रेमाने म्हणाल्या. "नाकारणं ही पहिली पायरी असते. व्यसनमुक्तीच्या पत्रकात लिहिलंय."

"बरं, मग आहे, असं समजा!"

"शाबास!" त्या म्हणाल्या. "ही दुसरी."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. फरक इतकाच, की लोक एक हात दाखवतात, मी छत्तीस बाटल्या दाखवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सासरे ट्रक घेऊन आले. कॅझ रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात होते. थोडं बोलतात आणि बोललेलं इंजिनाच्या आवाजावरून ऐकू जाईल अशा बेताने बोलतात.

"लाज वाटून घेऊ नकोस पोरा!" संपूर्ण गल्लीला ऐकवून ते म्हणाले. "मी हे सगळं घेऊन जातो. ओतून टाकतो."

पेट्या उचलण्यापूर्वी त्यांनी एक बाटली काढली, लांब धरून तिच्यावरचं लेबल वाचलं.

"ही लाल थंड करतात का?"

"किंचित," मी म्हणालो. "अर्धा तास बाहेर ठेवली तरी पुरे."

"ओतताना म्हणून विचारतोय."

"अर्थात."

गुरुवार उजाडला. कोवाल्चिकांच्या घरात पाऊल टाकलं आणि माझ्या लक्षात आलं, की घराची झडती होऊन गेलीय. जेवणघरातलं मद्याचं कपाट रिकामं, आणि त्यात आता संतांच्या छोट्या मूर्ती. बाथरूममधलं चूळ भरायचं औषधही गायब, कारण त्यात थेंबभर अल्कोहोल असतं. त्याच कारणाने स्वयंपाकघरात लॉरेन व्हॅनिला इसेन्सची बाटली ब्लाउजमध्ये लपवताना दिसल्या. सगळ्यांच्या पेल्यांत सफरचंदाचा रस. मेव्हणी थेरेसा मला मिठी मारून बराच वेळ तशीच उभी राहिली. दूरच्या एका आत्याने माझा हात धरला आणि म्हणाली, "माझा पहिला नवरा यातूनच गेला." मी म्हणालो, ऐकून वाईट वाटलं. "वाईट कसलं," ती म्हणाली, "गेला ते बरंच झालं. पण तू चांगला आहेस."

मग प्रेस्टन रताळ्यांचा ट्रे घेऊन आत आला. लॉरेननी झाकण उचललं, वास घेतला आणि त्यांचा चेहरा ताठ झाला.

"प्रेस्टन, यात रम आहे?"

"थोडीशी, लॉरेन. मार्शमेलोला जरा खोली येते तिने."

"कर्टिस घरात असताना?" त्या म्हणाल्या. "माणसाने इतकं निर्दय असावं?"

ट्रे उघड्यावर, मागच्या अंगणात, बर्फात नेऊन ठेवण्यात आला. लगोलग प्रेस्टनला दिवाणखान्यातल्या घडीच्या टेबलाकडे नेऊन ठेवण्यात आलं. तिथे त्याला डायनासोरचं चित्र असलेला प्लास्टिकचा पेला मिळाला. त्याने तो उजेडात धरून पाहिला. सवय.

आणि लॉरेननी माझं कोपर धरलं. "तू इथे. माझ्या शेजारी. माझं लक्ष राहील."

ऑगी काकांची खुर्ची. गादी लोकरीची, पाठ उंच, हातांना टेकू. मी बसलो. मांड्या टेबलाखाली मावल्या. इतकी वर्षं ज्या खुर्चीकडे मी प्रतिष्ठेच्या रस्त्याने चालत होतो, तिथे बदनामीच्या गल्लीतून एका मिनिटात पोचलो. तरुणांनी यातून काय तो बोध घ्यावा.

समोर बसलेली बर्नाडेट पुढे वाकून कुजबुजली, "मी आता सगळ्यांना नीट समजावून सांगते. हे अति झालं."

"थांब."

"का?"

"गादी मऊ आहे."

टर्की आली. हात धरले गेले. आमच्याकडे जेवणाआधी एकेकाने सांगायचं असतं, की आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत. थेरेसा कर्टिसच्या धैर्याबद्दल कृतज्ञ होती. आत्या कर्टिसच्या प्रामाणिकपणाबद्दल. एक मामा, ज्यांना माझं नाव नीट माहीत नव्हतं, ते 'या मुलाच्या' लढ्याबद्दल. बर्नाडेटची पाळी आली तेव्हा तिने ओठ इतके घट्ट मिटले, की सगळ्यांना वाटलं तिला भरून आलंय. लॉरेननी तिच्या हातात रुमाल ठेवला. माझी पाळी आली. मी खुर्चीच्या टेकूवरून हात फिरवला आणि म्हणालो, "मी या जागेबद्दल कृतज्ञ आहे." टाळ्या पडल्या.

मग मी टर्की खाल्ली. पांढरं मांस, काळं मांस, दोन्ही, मन पक्कं न करता, सफरचंदाच्या रसाबरोबर. एखादा माणूस सतरंजी खाताना साखरेचं पाणी पीत असेल, तर त्याला कसं वाटेल, ते मी सांगू शकतो.

थोड्या वेळाने कॅझ उठले. "भट्टीचा आवाज येतोय. बघून येतो," असं गर्जून ते ताटासकट गॅरेजकडे गेले. घर गरम ठेवणारी भट्टी तिथे असते. भट्टी बघायला ताट कशाला, हे कुणी विचारलं नाही. ते आले, आणि मामांना भट्टीचा आवाज ऐकू आला. मग आणखी एका काकांना. पुरुष मंडळी एकामागून एक ताटं घेऊन जात होती आणि गाल तांबडे करून येत होती, आणि परतताना प्रत्येक जण माझ्या खुर्चीमागे थांबून खांद्यावर हात ठेवत होता. "धीर सोडू नकोस," मामा म्हणाले, आणि मला गामे द्राक्षाचा स्वच्छ, ताजा वास आला. थोडी थंड केलेली असावी.

शेवटी कॅझ माझ्या कानाशी वाकले. कुजबुजायचा त्यांचा प्रयत्न प्रामाणिक होता.

"पोरा, ओतवत नाही रे."

"मांडीबरोबर?"

"मांडीबरोबर ती लाल," ते म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा टर्की गोड लागली."

"आणि छातीबरोबर पांढरी?"

"फक्कड. मामाने तीत बर्फ टाकला."

"अरेरे."

"मीही टाकला," कॅझ म्हणाले. "ही निवड कुणी केली?"

"मीच."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बुडालेल्या जहाजाकडे बघतात. "किती हुशार पोरगा," ते लॉरेनला म्हणाले. "किती वाया गेला."

मग दिवाणखान्यातून प्रेस्टन आला. तोही भट्टी बघून आला होता. त्याने डोळे मिटले, मान हलवली आणि माझ्या कानात म्हणाला, "मान गए, भाऊ. अप्रतिम मेळ. किती पेट्या आहेत म्हणालास?" मी म्हणालो, तीन. विमा एजंटच्या डोळ्यांत इतका निर्मळ आदर मी पहिल्यांदाच पाहिला. आणि तो जाऊन आपल्या डायनासोरसमोर बसला.

मग गोडाला भोपळ्याचा पाई आला. लॉरेननी माझा तुकडा स्वतः कापला, मोठा कापला.

"आता नाताळलाही तू इथेच बसायचं," त्या म्हणाल्या. "ईस्टरलाही. माझ्या शेजारी. तू बरा होईस्तोवर ही जागा तुझी, कुणी काही म्हणायचं नाही. एकदा ठणठणीत झालास, की मग थेरेसाचं लग्न होईल, तेव्हा खुर्च्यांचं पुन्हा बघू."

समोर बर्नाडेटने काटा खाली ठेवला. तिने श्वास घेतला, तोंड उघडलं. मी टेबलाखालून माझ्या बुटाने तिचा बूट हळूच, पण नवऱ्याच्या अधिकाराने, दाबला. तोंड मिटलं.

"कधी बरं वाटेल असं वाटतं तुला, बाळा?" लॉरेननी विचारलं. आख्खं मोठं टेबल माझ्याकडे बघत होतं.

मी नजर खाली वळवली. टेकूवर हात ठेवला.

"घाई करून चालत नाही, लॉरेन," मी म्हणालो. "काही जणांना वीस-वीस वर्षं लागतात."